गावातल्या लाईनीवर व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प

व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या ट्यूबचा गिटार अ‍ॅम्प कसा वापरायचा हे शोधायला गेलं की सांगणारे तीन गोष्टी धरूनच चालतात. सॉकेटला २३० व्होल्ट आहेत, तिसऱ्या पिनेमागे खरी अर्थिंग आहे, आणि बिघडलाच तर शहरात दुरुस्त करणारा सापडेल. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात यातलं काहीच धरून चालता येत नाही. अ‍ॅम्प घरी आला २०२३ च्या दिवाळीनंतर, आणि मंडपात निर्धास्त वाजवला जानेवारी २०२५ मध्ये. मधला बहुतेक वेळ अ‍ॅम्पवर गेलाच नाही. तो जमीन, बोर्ड, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) आणि लाईन यांच्यातच गेला. इकडे कोणी असा अ‍ॅम्प घ्यायच्या विचारात असेल तर त्याने हे आधी वाचावं.

माझं कृषी केंद्र आहे. नाटकांच्या हंगामात इकडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली की रात्र-रात्र नाटकं चालतात आणि वादक मंडळींना फुरसत नसते. इतकी वर्षं गिटार थेट मिक्सरमध्ये घालून वाजवली. आवाज यायचा, पण बोट हलकं लावलं काय नि जोरात लावलं काय, मिक्सरला फरक नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प तिथे वेगळा वागतो. तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ, जोर लावला तर तोच आवाज कडेने फाटत जातो, आणि ते फाटणं हळूहळू येतं, एकदम नाही. एवढ्यासाठी ही सगळी उठाठेव.

पुण्यातला एक गिटारवादक परदेशी निघाला होता, त्याच्याकडून जुना अ‍ॅम्प ३८ हजारांना घेतला. पंधरा वॉटचा कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत सगळं, बारा इंची स्पीकर. पॉवरला ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी, पुढे प्रीअँपला, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला, तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह. मागच्या पत्र्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं आहे हे फोटोत पाहूनच पैसे पाठवले. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प स्वस्तात मिळत होता, पण त्याला वेगळा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. आमच्या उन्हाळ्यात तो ताप नको.

ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून नागपूर आणि पुढे एसटीने गावापर्यंत, असा त्याचा प्रवास. विकणाऱ्याला सांगून व्हॉल्व्ह आधी काढून घेतले होते. प्रत्येकाला बबल रॅप, वर कुठल्या सॉकेटचा हे लिहिलेली चिठ्ठी, आणि सगळे एका प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा माझ्या बॅगेत. स्पीकरचं चुंबक जड असतं, म्हणून खोका नेहमी स्पीकरच्या बाजूने आडवा ठेवायला सांगावा. तसं हमालाला सांगितलं. ऐकलं की नाही, देव जाणे. काही फुटलं नव्हतं.

घरी आणल्यावर लगेच लावला नाही, कारण मला आमचा बोर्ड माहीत होता. वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटर लावून आधी फेज आणि न्यूट्रल मोजलं, मग फेज आणि अर्थ, मग न्यूट्रल आणि अर्थ. बोर्ड उघडल्यावर खरी गोष्ट दिसली. तिसऱ्या पिनेतून निघालेली हिरवी वायर आतल्या आतच न्यूट्रलला गुंडाळली होती. भाऊ म्हणाले, "तुमची अर्थिंग बोर्डातच हाय भाऊ, जमिनीत नाई."

हे किती वाईट आहे ते गिटार वाजवणाऱ्याने नीट समजून घ्यावं. गिटारच्या तारा ब्रिजला, ब्रिज जॅकला, जॅक वायरच्या जाळीला आणि ती जाळी अ‍ॅम्पच्या चॅसीला जोडलेली असते. चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, तिसऱ्या पिनेला. म्हणजे तिसऱ्या पिनेवर जे असेल ते तुमच्या बोटांवर असतं. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, आणि आमच्याकडे तो दर मृगाला तुटतो, तर न्यूट्रलला बांधलेली ती तिसरी पिन जिवंत होते. १९७२ मध्ये स्वान्सी इथल्या कार्यक्रमात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला.

डिसेंबरमध्ये मागच्या अंगणात, न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला खड्डा घेतला. तिथे जमीन बाराही महिने ओली राहते. अर्थिंगला तेच हवं असतं. अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि सिमेंटची छोटी कुंडी. तिथून तांब्याची वायर थेट बोर्डात, न्यूट्रलपासून पूर्ण वेगळी. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट भलत्या वाटेने जमिनीत जायला लागला की तो क्षणात लाईन तोडतो. पाईप, मीठ, कोळसा, मजुरी, वायर आणि आरसीसीबी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. घरच्यांना वाटलं गिटारसाठी खड्डा खणतोय. खड्डा फ्रीज, कूलर, मोटर सगळ्यांनाच उपयोगी आहे हे सांगितल्यावर आईने पैसे दिले. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या कुंडीत बादलीभर पाणी ओतायचं, हे काम आता तिचंच आहे.

अर्थिंग झाली तरी व्होल्टेज राहिलंच. धान निघालं की गावातली राईस मिल दिवसभर चालते. तिची मोटर सुरू झाली की बल्ब पिवळे पडतात. संध्याकाळी सातला मी मोजलं तेव्हा १७८ व्होल्ट. रात्री दोनला सगळं बंद झाल्यावर २५४. टीव्ही आणि मोबाईलचे चार्जर हे सहन करतात, कारण त्यांचा आतला पुरवठा स्वतःला सांभाळून घेतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तसं काही नसतं. ट्रान्सफॉर्मर जे येईल त्याच प्रमाणात पुढे देतो. व्हॉल्व्हच्या आतला हीटर ६.३ व्होल्टचा, आणि साधारण दहा टक्के वर-खाली चालतो. २३० च्या जागी १७८ आले तर हीटरला ४.९ मिळतात : व्हॉल्व्ह अर्धवट तापतो, आवाज मेलेला येतो, आणि असं रोज चाललं तर कॅथोड, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, खराब होतो. २५४ आले तर हीटरला जवळपास सात मिळतात, आणि प्लेटवरचे, म्हणजे ते इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पत्र्यावरचे, तीनशे-सव्वातीनशे व्होल्टही त्याच हिशोबाने चढतात. ईएल८४ ची प्लेट फक्त १२ वॉट उष्णता सोसते, आणि बरेच अ‍ॅम्प तिला आधीच त्या काठावर चालवतात. म्हणजे रात्री उशिरा, जेव्हा वाजवायला निवांत वेळ असतो, नेमका तेव्हाच व्हॉल्व्ह जळायचा धोका जास्त.

यावर दोन बाजूंनी काम केलं. जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात वीज कार्यालयात अर्ज दिला. अर्जावर ग्राहक क्रमांक, सोबत शेवटच्या बिलाची झेरॉक्स, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ-रात्र मोजलेल्या व्होल्टेजचा तक्ता. तक्त्यानं काम सोपं झालं. "व्होल्टेज कमी येते" असं तोंडी सांगणारे रोज दहा जण येतात, वेळेसकट आकडे देणारा क्वचित येतो, असं तिथल्या बाबूंनीच सांगितलं. आणखी एक, अर्जाची दुसरी प्रत नेऊन त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढे विचारायला गेलं की आधी तो क्रमांकच मागतात. शेजारच्या चार घरांच्या सह्याही घेतल्या होत्या, त्याचाही उपयोग झाला. मार्चमध्ये लाईनमन येऊन डीपीवर पाहून गेले. आमच्या गल्लीतली जवळपास सगळी घरं एकाच फेजवर होती. त्यातली काही दुसऱ्या फेजवर टाकली. त्यानंतर संध्याकाळचे १७८ चे २०५ झाले.

दुसरी बाजू स्टेबिलायझरची. नागपुरात सीताबर्डीवर पाहिले. स्वस्तातला रिलेचा मिळतो, पण तो पायरी बदलताना टक्-टक् करतो आणि तो टक् स्पीकरमधून ऐकू येतो. सर्व्हो मोटरवाला हळू पण सलग सरकतो. एक केव्हीएचा घेतला, सहा हजारांच्या घरात. पंधरा वॉटचा अ‍ॅम्प भिंतीतून शंभर वॉटच्या आसपास ओढतो, तेव्हा एवढा स्टेबिलायझर त्याला भरपूर झाला. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र अ‍ॅम्प लावत नाही. आमचा साधा स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो. प्युअर साइन वेव्हचा असेल तर गोष्ट वेगळी.

एवढं होईपर्यंत अ‍ॅम्प खोक्यातच. आता तो पहिल्यांदा सुरू करायचा होता, आणि ते मी एकट्याने करणार नव्हतो. ब्रह्मपुरीला एक रेडिओ मेकॅनिक आहेत, सत्तरीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ आणि जुने मंडपातले अ‍ॅम्प्लिफायर आयुष्यभर दुरुस्त केले. खणात अजून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह पिवळ्या पुठ्ठ्याच्या डब्यांत पडलेत. मी ईएल८४ दाखवला तर हसून म्हणाले, "हा तं रेडिओतला. गिटारमंधी कधी गेला?" खरंच आहे. फिलिप्सने १९५० च्या दशकात हा व्हॉल्व्ह काढला तो रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी. गिटारवाल्यांनी तो नंतर उचलला.

काकाजींनी सिरीज बोर्ड काढला. लाकडी पाटीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि दोन्ही एकामागे एक जोडलेले. होल्डरमध्ये शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब. असा बल्ब आता किराणा दुकानात मिळत नाही. कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात म्हणून पोल्ट्रीवाल्यांकडे मिळतो. युक्ती साधी आहे. अ‍ॅम्पमध्ये कुठे शॉर्ट असेल तर सगळा दाब बल्बवर येतो, बल्ब भक्क पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. आत सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा उजळून मंद होतो.

आधी व्हॉल्व्ह न घालता लावला. बल्ब किंचित लाल होऊन विझल्यासारखा झाला. मग बंद करून, तपासून, व्हॉल्व्ह घातले आणि पुन्हा लावला. या वेळी बल्ब चांगला उजळला, पोटात धस्स झालं, आणि काकाजी शांतपणे चहा पीत होते. थंड हीटर सुरुवातीला जास्त करंट ओढतात. हळूहळू बल्ब खाली आला आणि चॅसीच्या खालच्या बाजूला पाच काचांच्या आत नारिंगी ठिपके दिसू लागले. मग त्यांनी पेन्सिलच्या उलट्या टोकाने प्रीअँपचा एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकला. दोन गप्प राहिले. तिसरा स्पीकरमधून घंटीसारखा वाजला. तो मायक्रोफोनिक झाला होता, म्हणजे आतले भाग सैल होऊन तो स्वतःच माईकसारखा वागत होता. तो सगळ्यात पुढच्या जागेवर होता, जिथे त्याचा आवाज पुढे सर्वात जास्त वाढतो. काकाजींनी तो काढून मागच्या जागेवर घातला, मागचा पुढे आणला, आणि घंटी जवळपास गेली. नवा व्हॉल्व्ह लागला नाही. त्यांनी तीनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून.

आत हात घालायचा तर त्यांचे नियम कडक. अ‍ॅम्प बंद करून वायर सॉकेटमधून काढली तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहू शकतात. काही अ‍ॅम्पमध्ये ते मिनिटभरात उतरतात, काहींत तासन्‌तास नाही. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे मेकॅनिक असतात. त्याने कंडेन्सरही जातो आणि कधी डोळाही. काकाजी दहा किलो-ओमचा पाच वॉटचा रेझिस्टर वापरतात, त्याला इन्सुलेटेड वायर, एक टोक क्लिपने चॅसीला, दुसरं कंडेन्सरच्या टोकाला, काही सेकंद. मग मीटर लावून आकडा पाच व्होल्टच्या खाली आलेला डोळ्यांनी पाहायचा. मीटर ६०० व्होल्ट, कॅट ३ (सुरक्षेचा दर्जा) लिहिलेला हवा. "अन् दुसरा हात खिशात ठेवजो. दोन्ही हात आत घातले का करंट छातीतून जाते." हे त्यांनी मला एवढ्या वेळा सांगितलं की आता दुकानात खताचं पोतं उचलतानाही एक हात खिशात जातो.

ज्यांना हे शिकायचं नाही त्यांनी मागचा पत्राच उघडू नये. वाजवण्यासाठी तो उघडावा लागतही नाही.

घरी वाजवण्याचा क्रम असा बसला. आधी स्टेबिलायझर सुरू, आकडा २३० वर स्थिर. स्पीकरची वायर जॅकमध्ये नीट बसली आहे हे पाहायचं, दर वेळी. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ताकद जायला वाट उरत नाही, आतलं व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग किंवा सॉकेट जळतं. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला स्पीकर नसला तर काही होत नाही, म्हणून मंडपवाल्यांना हे खरं वाटत नाही. अ‍ॅम्पवर ८ ओम लिहिलं असेल तर स्पीकर ८ ओमचाच. आणि स्पीकरला गिटारची वायर लावायची नाही. दिसायला सारखीच, पण तिच्या आतली तार केसासारखी बारीक असते. मग मेन स्विच, मिनिटभर थांबणं, आणि नंतर स्टँडबाय, म्हणजे हीटर तापल्यावर प्लेटचं व्होल्टेज सोडणारा दुसरा स्विच. तासभर नुसता स्टँडबायवर ठेवू नये. वाजवायचा नसेल तर सरळ बंद करावा.

पंधरा वॉट ऐकायला कमी वाटतात. मंडपातले लोक हजारात बोलतात. पण वॉट दहापट झाले तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो, आणि माझ्या बारा बाय दहाच्या खोलीत मास्टर व्हॉल्यूम तीनवर गेला की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. तेव्हा गावात ज्याला पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घ्यायचा आहे त्याला मी पाच वॉटचाच सांगेन. शेजारच्या मुलीची दहावी होती, म्हणून मार्च संपेपर्यंत संध्याकाळी सहा ते सात एवढाच वेळ ठरवून घेतला. तिच्या आईनेच सांगितला तो.

आवाज बसवताना सगळी टोनची बटणं मध्यावर ठेवून सुरुवात केली. ट्रेबल, मिडल आणि बेस एकमेकांवर परिणाम करतात, एक फिरवलं की बाकीचे दोन वेगळे वागतात. आवाज वाढवला की बेस कमी करावा लागतो, कारण मोठ्या आवाजात कानाला खर्ज आपोआप जास्त ऐकू येतो. खोलीत छान वाटलेली सेटिंग मंडपात गढूळ होते ती याच कारणाने. आणि सगळ्यात उपयोगी बटण अ‍ॅम्पवर नाहीच, ते गिटारवर आहे. अ‍ॅम्प थोडा फाटेल इतका लावून ठेवायचा आणि गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणायचा, स्वच्छ आवाज तिथे मिळतो. गाण्यात जोर हवा तिथे करंगळीने दहावर. पायाखाली पेडल एकही नाही. अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर मागे कलता ठेवला की स्पीकर पिंढऱ्यांकडे नाही, कानांकडे बघतो. बरेच जण आवाज कमी म्हणून व्हॉल्यूम वाढवतात ते स्पीकर गुडघ्याखाली असतो म्हणूनच.

एप्रिल-मेमध्ये दुपारी वाजवणं बंद. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या आत किती होत असेल ते हात लावूनच कळतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंशांनी निम्मं होतं असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. रात्री वाजवतो, मागे भिंतीपासून हातभर जागा सोडून. कूलरसमोर मात्र ठेवत नाही, त्याची ओली हवा पॉटमध्ये (बटणांमागच्या भागात) आणि जॅकमध्ये जाते. पावसाळ्यात बटणं फिरवताना खर्र-खर्र व्हायला लागलं, ते कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी गेलं. खरा धोका पालींचा. ऊब असेल तिथे त्या जातात, आणि मागून उघड्या अ‍ॅम्पमध्ये शिरलेली पाल तीनशे व्होल्टच्या दोन टोकांवर आडवी आली की दोघांचाही शेवट. मागच्या उघड्या भागाला बारीक लोखंडी जाळी बसवली. प्लॅस्टिकची नको, वितळते, आणि हवा खेळायला हवी.

सप्टेंबरमध्ये एका रात्री वाजवता वाजवता आवाज दबला, मागे पाहिलं तर दोनपैकी एका पॉवर व्हॉल्व्हची आतली राखाडी प्लेट लाल झाली होती. नारिंगी हीटर वेगळा आणि लाल प्लेट वेगळी. प्लेट लाल दिसली की गाणं पूर्ण करायचं नाही. मी स्विचकडे हात नेईपर्यंत फ्यूज गेला. मागे टी १ए लिहिलं आहे, म्हणजे एक अँपिअरचा स्लो-ब्लो, क्षणभराचा झटका सोसणारा. तालुक्याला एका दुकानात दोन अँपिअरचा साधा मिळत होता आणि दुकानदार म्हणाला चालते. नाही चालत. मोठा फ्यूज टाकला तर त्याच्या आधी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा त्या पेटीतल्या महाग भागांपैकी एक. टी १ए ब्रह्मपुरीला काकाजींकडेच मिळाले, दहा रुपयाला एक. पाच घेऊन ठेवले.

काकाजींनी दोन्ही व्हॉल्व्हच्या जागा बदलून सिरीज बोर्डवर, मग थेट लाईनीवर लावलं, बोट स्विचवर ठेवून. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली. याचा अर्थ दोष व्हॉल्व्हमध्ये. लाली त्याच सॉकेटवर राहिली असती तर सर्किटमधला कंडेन्सर गळतोय असं समजायचं.

नवी जोडी हवी होती, आणि ती जुळवलेली, म्हणजे दोन्ही सारखाच करंट ओढणारी. आज असे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियातला पुरवठा अडखळला तेव्हापासून किमती चढल्या. मुंबईत एका विक्रेत्याकडे महिनाभराने येतील असं उत्तर आलं, म्हणून युरोपातल्या दुकानातून टपालाने मागवले, सोबत एक जादा १२एएक्स७. त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार सुरू करावा लागला. पार्सल कस्टम्समध्ये थांबलं. मेसेज आला, केवायसी द्या. आधार, पॅन, बिलाची प्रत आणि पैसे भरल्याचा पुरावा अपलोड केला. मग पुन्हा विचारणा, माल नेमका काय? बिलावर नुसतं ट्यूब लिहिलं होतं. साध्या कागदावर लिहून दिलं : गिटार अ‍ॅम्प्लिफायरसाठी थर्मिऑनिक व्हॉल्व्ह, एचएस शीर्षक (कस्टम्सचा मालाचा क्रमांक) ८५४०, नग तीन, वैयक्तिक वापर, विक्रीसाठी नाही. खाली सही आणि तारीख. दोन दिवसांत सुटलं. पुढच्या वेळी मी दुकानालाच बिलावर हे सगळं लिहायला सांगणार आहे. ड्युटी पोस्टमनकडे रोख भरली, त्याच्याकडे पावती असते ती मागून घ्यावी. दसऱ्यानंतर हातात पडले तोवर सगळं धरून साडेसात हजार झाले होते.

माझ्या अ‍ॅम्पला कॅथोड बायस आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आपला करंट आपणच बऱ्यापैकी सांभाळतो, बायसचा स्क्रू नाही. तरीही काकाजींनी मोजलं. प्लेटवर ३१८ व्होल्ट, कॅथोडवर साडेदहा, दोघांमध्ये मिळून असलेला रेझिस्टर १३० ओम. भागाकार केला तर दोघांचा मिळून ८१ मिलिअँपिअर, एकाचा चाळीस. त्यातला थोडा स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचा) सोडला तर प्लेटवर अकरा-साडेअकरा वॉट. मर्यादा बारा. "चालते," काकाजी म्हणाले, "पण लाईन २५० झाली तं नाई चालत." स्टेबिलायझरचे सहा हजार तिथे वसूल झाले. फिक्स्ड बायसचा अ‍ॅम्प असेल तर नवी जोडी घातल्यावर बायस लावून घ्यावाच लागतो, आणि ते जाणकाराचं काम आहे.

जानेवारीत शेजारच्या गावी शंकरपट (बैलांची शर्यत) होता, रात्री नाटक. अ‍ॅम्प पहिल्यांदा घराबाहेर नेला. साउंडवाल्याचा मिक्सर जनरेटरवर, आणि माझ्यासाठी त्याने शाळेच्या खोलीतून एक बोर्ड ओढून आणला होता. गिटार गळ्यात घालून गायच्या माईकजवळ जायच्या आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावलं. ७४ व्होल्ट. दोन पुरवठे, दोन अर्थ, आणि मध्ये माझे ओठ आले असते. साउंडवाला म्हणाला, "तिसरी पिन तोडून टाका ना भाऊ, हमही जाईन." हम, म्हणजे स्पीकरमधली घुं-घुं, जातो, आणि सोबत वादकही जाऊ शकतो. मी अ‍ॅम्प आणि स्टेबिलायझर त्याच्याच जनरेटरच्या बोर्डवर घेतला, ज्यावर मिक्सर होता, आणि जनरेटरची बॉडी तिथल्या पाण्याच्या टाकीजवळ ठोकलेल्या अर्थ रॉडला जोडून घेतली. पुन्हा मोजलं, अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी.

मग त्याने अ‍ॅम्पच्या मागून स्पीकरची वायर काढून मिक्सरला द्यायला घेतली. ती त्याच्या हातातून परत घेतली. स्पीकरसमोर तीन बोटांवर साधा डायनॅमिक माईक लावला, शंकूच्या मधोमध नाही, थोडा बाजूला. मधोमध आवाज टोचतो. मंडपाचं काम मंडपाच्या बॉक्सनी करावं, अ‍ॅम्पने नाही. अ‍ॅम्पचा मास्टर घरी असतो तिथेच, तीनवर.

पहाटे पाचला नाटक संपलं. टेम्पोवाला घाई करत होता, पण गरम व्हॉल्व्ह खडखडत्या रस्त्यावर नेले तर आतली तार तुटू शकते, म्हणून वीस मिनिटं थांबवलं. तेवढ्यात साउंडवाला चहा घेऊन आला. त्याच्याही घरी बोर्डाला हात लागला की झिणझिण्या येतात म्हणे. वायरमन भाऊंचा नंबर घेऊन गेला.